वाण कोणाचा, नाव कोणाचे?

रायपूरच्या किराणा दुकानात तांदळाची चौकशी केली, की दुकानदार ज्या दोन-चार नावांनी सुरुवात करतो त्यांत ‘एचएमटी’ हे नाव हमखास असते. बारीक दाण्याचा हा तांदूळ छत्तीसगडमध्ये घरोघरी शिजतो. नावावरून तो एखाद्या मोठ्या कंपनीचा असावा असा समज होतो. वस्तुतः तो चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यात, जेमतेम दीड एकर जमीन आणि तिसरीपर्यंतचे शिक्षण असलेल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या शेतात जन्माला आला.

१९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या जातीच्या पिकात दादाजींना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे दाणे त्यांनी निराळे ठेवले, पुढच्या हंगामात निराळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करीत नवा वाण सिद्ध केला. मागेल त्याला बियाणे दिले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव लोकांनीच त्याला दिले. १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. आपण तो शुद्ध करून विकसित केला, अशी विद्यापीठाची भूमिका होती, तर मूळ संशोधनाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, हे दादाजींचे शल्य होते. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने दखल घेतली, परंतु आर्थिक ओढगस्त संपली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या कहाणीने आपण हळहळतो. पण हळहळ पुरेशी नाही. प्रश्न असा, की उद्या आपल्या शेजारचा एखादा दादाजी नवे काही घेऊन आला, तर त्याला कोणते दार ठोठवायला सांगावे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दादाजींसमोर त्या वेळी दारच नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वनस्पतीच्या वाणाला आपल्या पेटंट कायद्यात एकस्व मिळत नाही. त्यासाठीचा ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा’ २००१ मध्ये संमत झाला आणि त्याखालील प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले. आज मात्र शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेला वाण स्वतःच्या नावे नोंदविता येतो. त्याला शुल्कातून सूट आहे आणि भातासारख्या पिकाला पंधरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते.

रायपूरला या विषयाची ओळख फार जुनी आहे. थोर भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात येथे राहून गावोगावचे हजारो देशी वाण जमविले. २००२ मध्ये इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आणि सिंजेंटा कंपनी यांच्यातील प्रस्तावित सहकार्याची वार्ता फुटली, तेव्हा हा अमोल ठेवा कोणाच्या हाती जाणार, या शंकेने मोठा विरोध झाला आणि त्याच वर्षी कंपनीने माघार घेतली. बियाण्याचा मालक कोण, हा प्रश्न या शहराने रस्त्यावर उतरून विचारला आहे.

अवजार, यंत्र वा प्रक्रिया शोधणाऱ्याचे दार वेगळे. त्याने पेटंटसाठी अर्ज करावयाचा असतो. छत्तीसगडचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि ते घरबसल्या ऑनलाइन भरता येतात. व्यक्तिगत अर्जदारासाठी मूळ ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे. यंत्र परिपूर्ण झाले नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख मिळविता येते. मात्र त्यानंतर बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील सादर करावाच लागतो. परीक्षणाची विनंतीही निराळी आणि मुदतीत करावी लागते, अन्यथा अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे.

यातील सर्वांत मोठा धोका आपल्या भोळेपणात आहे. शोध लागला, की आपण आधी तो चारचौघांना दाखवितो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणतो आणि मग अर्जाचा विचार करतो. तोपर्यंत शोधाचे ‘नावीन्य’ कायद्याच्या दृष्टीने संपलेले असू शकते. काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. आधी अर्ज, मग सत्कार, हाच क्रम हवा.

ज्ञान वाटावे, त्याला कुंपण कशाला, असा आक्षेप येतो. तो उदात्त आहे. परंतु नोंदणी आणि दातृत्व यांत विरोध नाही. वर उल्लेखिलेल्या कायद्यात शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क अबाधित आहे. केवळ संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही. दादाजींचे नाव नोंदले गेले असते, तरी गावकऱ्यांचे बियाणे थांबले नसते. अर्थात पेटंट म्हणजे पैसा नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढील वार्षिक शुल्के, बाजारपेठ, प्रसंगी न्यायालय, हे सारे उरतेच. प्रत्येक कल्पनेसाठी हा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

येथे बँकेशी संबंधित असलेल्या आपणा सर्वांचे कर्तव्य सुरू होते. नवे यंत्र बनविणारा ग्राहक कर्जासाठी समोर बसतो, तेव्हा आपण तारण विचारतो, जामीनदार विचारतो. त्याच वेळी ‘नोंद केली का?’ हा एक प्रश्न विचारावयास काय हरकत आहे? भागीदाराशी होणारे हक्काचे हस्तांतरण वा परवाना लेखी असल्याशिवाय पेटंट कायद्यात ग्राह्य नाही, एवढे सांगितले तरी एखादा संसार वाचेल. नवा रायपूरमध्ये हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपल्या शाखांनी वर्षातून एकदा जरी मार्गदर्शन शिबिर भरविले, तरी पुष्कळ काम होईल.

पुरस्कार देण्यास समाज नेहमीच उशीर करतो. तारखेची नोंद मात्र ज्याची त्याला वेळेवर करता येते. तशी ती व्हावी, यासाठी शोधकाच्या शेजारी बसून अर्ज भरू लागणारा एक साक्षर माणूस लागतो. तो माणूस आपण व्हावे.