शिक्क्यापलीकडची पडताळणी

काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. ‘पडताळणी’ हा त्यांपैकीच एक. कचेरीच्या खिडकीशी तो आपल्याला वारंवार भेटतो आणि कुणीतरी कागद पाहिला, शिक्का मारला, काम झाले, एवढाच त्याचा अर्थ मनात उरतो. समुद्रातून खनिज तेल व वायू काढणाऱ्या उद्योगाला मात्र या शब्दाचा खरा अर्थ फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत ‘अलेक्झांडर एल. कीलँड’ हा पाच पायांचा तरंगता प्लॅटफॉर्म कामगारांचे वसतिस्थान म्हणून वापरला जात असे. 27 मार्च 1980 च्या वादळी संध्याकाळी त्याच्या एका पायाला आधार देणारी पोलादी नळी तुटली, पाठोपाठ तो पाय निखळला आणि प्लॅटफॉर्म उलटला. त्यावरील 212 जणांपैकी 123 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले ते असे : पाण्याखालील ध्वनी टिपणारे उपकरण बसविण्यासाठी त्या नळीवर एक लहानसा आधार वेल्डिंगने जोडलेला होता आणि तडा तेथूनच वाढत गेला होता. त्या तड्याच्या आत रंग सापडला! म्हणजे फ्रान्समधील गोदीत 1976 साली प्लॅटफॉर्म रंगविला गेला, तेव्हाच तडा तेथे होता. त्यावरून रंगाचा हात फिरला. डोळस नजर मात्र फिरली नाही.

तपासणी, चाचणी आणि पडताळणी हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तू नीट पाहणे ही तपासणी; ती चालवून पाहणे ही चाचणी. पडताळणीत याहून अधिक काही अभिप्रेत आहे. या वस्तूने काय करायला हवे हे आधी निश्चित लिहून ठेवायचे आणि ती खरोखर तसे करते की नाही, हे प्रत्यक्ष पुराव्यावरून ताडून पाहायचे. शिवाय हे काम, ज्याने ती वस्तू घडविली त्याच्यापासून स्वतंत्र असलेल्या जाणकाराने करायचे. जमाखर्च लिहिणाराच तो तपासू लागला, तर हिशेब नेहमीच जुळायचा!

ब्रिटनमध्ये 1965 साली ‘सी जेम’ हा प्लॅटफॉर्म कोसळून 13 जण दगावले. त्यानंतर झालेल्या कायद्यान्वये प्लॅटफॉर्मला योग्यतेचा दाखला घेणे बंधनकारक झाले. दाखल्याची ही पद्धत चालू असतानाच 6 जुलै 1988 रोजी ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन 167 माणसे मरण पावली. आग विझविणारे पंप तेथे होते. परंतु पाणबुडे काम करीत असता ते पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊ नयेत म्हणून ते आपोआप सुरू न होता हातानेच सुरू करावे लागतील, असे ठेवलेले होते. ज्वाळा व धूर यांतून त्यांच्यापर्यंत कुणाला पोहोचता आले नाही. पंप जागेवर होता, पण गरजेच्या क्षणी तो उपयोगी पडला नाही.

लॉर्ड कलन यांच्या 1990 च्या अहवालानंतर विचाराची दिशाच बदलली. 1992 मध्ये सुरक्षिततेचा सविस्तर आराखडा मांडणे सक्तीचे झाले आणि 1996 च्या नियमांनी जुन्या दाखल्याची जागा पडताळणीच्या योजनेला दिली. ज्या घटकांच्या बिघाडाने मोठा अपघात घडू शकेल, किंवा जे अपघात रोखण्यासाठीच आहेत, त्यांची यादी करायची. प्रत्येकाने काय साधायचे ते ठरवायचे. आणि प्लॅटफॉर्म असेपर्यंत स्वतंत्र जाणकाराकडून ते पाहत राहायचे. त्याचे आक्षेपही नोंदविले गेले पाहिजेत. महत्त्वाचे म्हणजे, यामुळे मालकाची जबाबदारी त्या जाणकाराच्या माथी जात नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर, आपल्यावरील एका जखमी कर्मचाऱ्याला प्लॅटफॉर्मवर पोहोचविण्यासाठी आलेले जहाज वायूच्या उभ्या नळीवर आदळले. आग भडकली आणि 22 जणांचे प्राण गेले. पुढे 2008 साली केंद्र सरकारने समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम केले आणि देखरेखीचे अधिकार तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपविले.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरची मुले तेलाच्या उद्योगात असतील. सुटीवर आल्यावर समुद्रातल्या गमतीजमती सांगत असतील. त्यांना अवश्य विचारावे : तुमच्या जीवरक्षक नौका, तुमचे पंप, तुमच्या झडपा कोणी, केव्हा आणि कशावरून ताडून पाहिल्या? ‘कागद आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुन्हा विचारावे.