सिक्स बाय सिक्स आलंय, मग तक्रार कसली?

लेझरनं चष्मा काढून महिना झालाय. उजव्या डोळ्यानं एसटीची पाटी लख्ख वाचता येते, डाव्यानं तीच अक्षरं जरा पसरलेली दिसतात. रात्री बायपासवर समोरून ट्रक आला की दिव्यांभोवती कडं तयार होतं. तपासणीला जाऊन हे सांगावं, तर तक्त्याकडं बोट दाखवून उत्तर मिळतं : 'सिक्स बाय सिक्स आलंय. बाकी मनाचे खेळ आहेत.' ऑपरेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझं भांडण या उत्तराशी आहे.

६/६ म्हणजे काय? सर्वसाधारण नजरेला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी, ती तुम्हाला वाचता आली, एवढंच. तीही उजळ पांढऱ्या तक्त्यावरची ठळक काळी अक्षरं. अंधारात दिवा फुटल्यासारखा दिसतो का, दोन्ही डोळे एकत्र नीट काम करतात का, हे तो तक्ता विचारत नाही. रेल्वेला हे पक्कं माहीत आहे. सहायक लोको पायलटच्या ए-१ वैद्यकीय निकषात बिनचष्म्याची ६/६ नजर लागतेच, शिवाय रात्रीची नजर आणि दोन्ही डोळ्यांची एकत्रित नजर यांच्या वेगळ्या चाचण्या असतात. आणि लेसिक केलेले उमेदवार या पदाला चालत नाहीत. बीड-परळीच्या अभ्यासिकेत बसून, 'चष्मा गेला की भरतीची वाट मोकळी' असं ऐकून पैसे भरणाऱ्या मुलाला ही अट आधी कुणी वाचून दाखवतं का?

दोन डोळ्यांत फरक का पडतो, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. एका नंबरामागं लेझर त्यातले साधारण १२ ते १५ मायक्रॉन काढतो. यंत्र मोजून काढतं. जखम मात्र शरीर भरतं, आणि प्रत्येक डोळा आपापल्या गतीनं बरा होतो. लेसिकमध्ये वरचा पापुद्रा कापताना बारीक नसाही तुटतात. अश्रू कधी हवेत हे त्याच नसा कळवतात, म्हणून डोळा कोरडा पडतो. पापणी मिटली की स्पष्ट आणि लगेच पुन्हा धूसर, असं होत असेल तर बहुधा कोरडेपणा. दिवसभर एकसारखं धूसर राहत असेल तर थोडा नंबर किंवा सिलिंडर उरलेला असू शकतो. लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा तर लेझरनं जागा होत नाही. नजर स्थिरावायला तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. 'टच-अप'चा विचार त्यानंतरचा, तोही कॉर्नियाची जाडी पुरेशी उरली असेल तर. मात्र एकाएकी दुखणं, लाली किंवा नजर उतरणं यासाठी थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

डॉक्टर म्हणतील, बहुतेक पेशंट खूश असतात. खरं आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. त्याच अभ्यासात, ज्यांना ऑपरेशनआधी कडं, चकाकी, दुहेरी प्रतिमा यातलं काहीच दिसत नव्हतं, त्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तिसऱ्या महिन्यात यातलं काहीतरी नव्यानं दिसत होतं. त्यातले फार त्रास होणारे अगदी थोडे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जाहिरातीत एकच छापतात.

आता यात अंतर मिळवा. लेझरसाठी केज, आष्टी, गेवराईची बरीच मुलं छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतात. बीडहून संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर. पॅकेजमध्ये 'फॉलो-अप फ्री' असतं. एसटीचं तिकीट, बुडालेला दिवस आणि धुळीउन्हातला प्रवास त्यात धरलेला नसतो. मग तिसरी-चौथी तपासणी होतच नाही आणि डावा डोळा 'मनाचा खेळ' म्हणून घरी येतो.

अपुऱ्या माहितीवर घेतलेली सही काय करते, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत इथल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या अन्यायाची बरोबरी चष्म्याशी होऊच शकत नाही. पण सवय ओळखीची आहे : ऑपरेशन विकायचं आणि माहिती राखून ठेवायची. समीरा कोहली खटलाही गर्भाशय काढण्याचाच होता. त्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं की संमती खरी ठरायची तर उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती आधी द्यावीच लागते. लेसिकला तर घाई कसलीच नसते. चष्मा लावून माणूस आणखी वर्षभर विचार करू शकतो.

म्हणून मागा. ऑपरेशनआधी कागदावर : दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा नंबर, तो वर्षभर स्थिर आहे का, कॉर्नियाची जाडी आणि टोपोग्राफीचा नकाशा. ऑपरेशननंतर प्रत्येक भेटीत : प्रत्येक डोळ्याची नजर आणि उरलेला नंबर. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार पेशंटनं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. घरी एकेक डोळा झाकून बघा आणि मोबाइलमध्ये तारीखवार लिहून ठेवा : धूसर कधी, किती वेळ, दिवसा की रात्री. ती नोंद डॉक्टरांपुढं ठेवा. कुणी पुन्हा मनाचे खेळ म्हणालं, तर एवढंच विचारा : डाव्या डोळ्याचा नंबर किती उरलाय? आकडा सांगता येत नसेल, तर तपासणी अजून झालेलीच नाही.