रस्ता कोणाच्या मालकीचा?

१५ जुलै २०२४ च्या मध्यरात्रीं डोंबिवलीकडील वारकरी बसनें आषाढीस पंढरपुरास निघाले होते. पनवेलजवळ मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर त्यांची बस ट्रॅक्टरवर आदळून रस्त्याखालीं कोसळली. पांच माणसें प्राणास मुकलीं. तत्पूर्वीं २७ नोव्हेंबर २०२१ रोजीं खालापुराकडून आळंदीस पायीं चाललेल्या दिंडींत मावळांत एक पिकअप गाडी घुसली व बायाबापड्यांचा बळी गेला. अशा वेळीं पारावरचें बोलणें एकच असतें: काळ आला होता, कपाळींचें चुकत नाहीं!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, हें बोलणें आतां टाकून द्या. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे. तो तेथें गेला, तो सटवीनें लिहून ठेविलें म्हणून नव्हे. कोणी नेला म्हणून गेला व कोणी अडविला नाहीं म्हणून पुढें गेला. हीं माणसांचीं कामें आहेत व माणसांना तीं सुधारतां येतात. दैवावर बोट ठेविलें कीं ज्याचा दोष तो सुटतो, आणि ज्याचें माणूस गेलें तो नारळ फोडून गप्प बसतो. अपघाताच्या जागीं भूत आहे असें सांगणारा देवर्षी दक्षिणा घेईल, पण तेथें दिवा लावणार नाहीं.

२०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. पायीं कोण चालतें? पाटी घेऊन पनवेलच्या बाजारास येणारी आगरी बाई, कामास निघालेला कातकरी, पाळी संपवून कळंबोलीहून परतणारा मजूर. मोटारवाला म्हणतो, रस्ता आमचा. कां बरें? आगपेटी घेणारी म्हातारीही सरकारास कर भरते. रस्ता तिचाही आहे.

पळस्प्याहून निघालेला गोव्याचा रस्ता ज्या महाडास जातो, तेथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी पिऊन सार्वजनिक म्हणजे सर्वांचें हें दाखवून दिलें. त्याआधीं १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कौन्सिलांत तसा ठराव मंजूर करून घेतला होता. पण कागदावरचा हक्क घेण्यास लोकांना पायीं चालून जावें लागलें. रस्त्याचेंही तसेंच आहे.

तोंवर आपला जीव आपण राखावा. रस्त्याच्या उजव्या कडेनें चाला, म्हणजे येणारी गाडी समोर दिसेल. रात्रीं अंगावर पांढरें फडकें व हातीं बॅटरी असावी. दिंडीच्या पुढें-मागें दिवा हवाच. बैलगाडी व ट्रॅक्टर यांच्या मागें चमकणारी पट्टी लावा. द्रुतगती मार्गावर पाऊल घालूं नका, ट्रॅक्टरही नेऊं नका. प्यालेल्याच्या गाडींत बसूं नका, मग तो जांवई असो कीं पाटील.

कोणी जखमी दिसला तर १०८ ला फोन करा. पोलिसांचा धाक धरूं नका. २०१९ च्या कायदादुरुस्तीनें मदत करणारास संरक्षण आहे व आपलें नांव सांगण्याची त्याजवर सक्ती नाहीं. धडक देऊन पळालेली मोटार सांपडली नाहीं, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनें मृताच्या वारसांस दोन लाख व जबर जखमीस पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठीं तहसील कचेरींत चौकशी करून अर्ज द्या. ही भीक नव्हे, हा हक्क आहे.

आणि एवढ्यावर थांबूं नका. आपल्या गांवाजवळ कोठें दिवा नाहीं, कोठें कडेला चालण्यास जागा नाहीं, मुलें शाळेस जातांना मोठा रस्ता कोठें ओलांडतात, हें लिहून काढा व ग्रामसभेंत ठराव करून वर पाठवा. उत्तर आलें नाहीं तर पुन्हां पाठवा. देवळाच्या कळसासाठीं घरोघर फिरून वर्गणी काढतां, तर आपल्या लेकराबाळांच्या जिवासाठीं एक दिवस कचेरींत जाऊन बसण्यास काय हरकत आहे?