उपहासाचा हिशेब

१७२९ साली डब्लिनच्या जोनाथन स्विफ्टने आयरिश दारिद्र्यावर निनावी पुस्तिकेतून उपाय सुचविला : गरिबांची एक लाख अर्भके श्रीमंतांच्या भोजनासाठी विकावीत, संगोपनाचा खर्च दोन शिलिंग, किंमत दहा! माणसाला आकडा मानणाऱ्या तत्कालीन अर्थविचाराचेच हे विडंबन होते. पण स्विफ्ट तेवढ्यावर थांबला नाही. परदेशी राहून खंड उपभोगणाऱ्यांवर कर, स्वदेशी मालाचा वापर, कुळांविषयी दया, हे खरे उपाय त्याने झिडकारण्याच्या मिषाने तेथेच नोंदविले. सामाजिक विडंबनाची कसोटी हीच होय. हसे लुटणाऱ्याचे व्हावे आणि हसू ओसरल्यावर मागणी उरावी. ज्या उपहासामागे मागणी नसते, तो सत्ताधाऱ्यांना सहज पचतो.