वन्य पशूंची गणना : हौस कीं विद्या ?

बुद्धपौर्णिमा जवळ आली कीं गिरगांव-दादरच्या सुशिक्षित घरांतून अरण्यप्रेमाला भरती येते. पाणवठ्याकाठच्या मचाणावर एक रात्र जागावी, चांदण्यांत जें सांबर वा अस्वल दिसेल तें टिपावें, आणि परत आल्यावर 'आम्हीं प्राणिगणना केली' असें चारचौघांत सांगावें ! ती रात्र रम्य असते, याबद्दल आमचा वाद नाहीं. परंतु तिला गणना म्हणणें ही शास्त्राची थट्टा होय. तेंच सांबर दोनदां पाण्यावर आलें, तर तें एक धरावें कीं दोन ? जें आलेंच नाहीं त्याचा हिशेब कोणत्या वहींत ? वनखात्यानें स्वतः या रात्रीस 'निसर्गानुभव' असें नांव दिलें. जुनें नांव सोडवत नाहीं तें आम्हांलाच.

खरी गणना निराळी. वाघाचे पट्टे व बिबळ्याचे ठिपके माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येकाचे वेगळे असतात. अरण्याच्या वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावावयाचे, एकेक जनावर ओळखावयाचें, आणि तींच जनावरें किती वेळां पुन्हा टिपलीं जातात यावरून न दिसलेल्यांचा अंदाज गणितानें बांधावयाचा. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान व त्याच्या लगतचा प्रदेश यांत २०१५ सालीं याच रीतीनें ३५ बिबळे ओळखले गेले. हें काम एका रात्रीच्या उत्साहाचें नव्हे.

अडाणी मोजणीचें फळ राजस्थानांतील सरिस्का अरण्यानें दाखविलें आहे. पावलांच्या ठशांवरून मोजलेले वाघ तेथें कागदोपत्रीं सुखानें नांदत होते. २००५ सालीं उघड झालें कीं अरण्यांत एकही उरलेला नाहीं! वाघ मारले चोरट्या शिकाऱ्यांनीं. पण तें वेळीं कळूं दिलें नाहीं तें खोट्या आंकड्यांनीं.

'या विद्येवर पोट कसें भरावें ?' असें आईबाप विचारतात. प्रश्न रास्त आहे. १८८३ सालीं मुंबईंत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ गृहस्थांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आमच्यांतलेच होते. त्यांचा चरितार्थ वैद्यकीवर चाले, हेंही खरें. परंतु त्या काळीं ही विद्या शिकविणारी शाळाच नव्हती. १९८२ पासून देहराडून येथें भारतीय वन्यजीव संस्था आहे. आतां हौसेची सबब कशाला ? उणीव आहे ती कायम जागांची. शिकलेला तरुण एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर भटकतो; पैसा आटला कीं त्याची विद्याही घरीं बसते.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. प्रत्येक मोठ्या अभयारण्यांत या शास्त्राचा शिकलेला, कायम वेतनाचा माणूस असावा. व्याघ्रगणनेंत पायपीट करून खुणा नोंदणाऱ्या वनरक्षकास तें शास्त्र त्याच्या मराठींत शिकवावें. आणि मुलीनें वा मुलानें ही वाट धरली, तर आम्ही आईबापांनीं 'छंद म्हणून कर' हें ठराविक उत्तर देऊं नये. घरांतल्या दागिन्यांची मोजदाद आम्ही हौशी पाहुण्यावर सोंपवीत नाहीं. अरण्याचीच कां सोंपवावी?