हजेरीपटावरचे नाव



गळीत हंगाम तोंडावर आला की गट कार्यालयात दोन तक्रारी हटकून येतात. पहिली, "गावात माणूसच उरला नाही, पोरं सगळी हैदराबादला गेली." दुसरी, "बाहेरची टोळी बांधावर घाण करते, यांना पाणी कशाला द्यायचं?" दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच तोंडून येतात. म्हणून आज थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

आपले चंद्रपूर वाढले ते बाहेरून आलेल्या माणसांच्या बळावर. वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ मध्ये सुरू झाली, पुढे बल्लारपूरच्या खाणी आल्या, कागद कारखाना आला, १९८३ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच चालू झाला. तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून माणसे आली. तेव्हाही नाके मुरडणारे होतेच. आज त्यांची नातवंडे आपल्या पोरांच्या शेजारी शाळेत बसतात.

जुना काळ सोन्याचा होता, असे आमचे म्हणणे नाही. खाणीतही ठेकेदाराचे राज्य होते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, मजुराचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर चढले, संघटनेला जोर आला. मुंबईच्या गिरणीत कोकणातून, घाटावरून गेलेला माणूस बदली कामगार म्हणून लागला तरी कधीतरी कायम होऊ, ही आशा त्याला असे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर ती वाट मोडली. म्हणजे परगावी माणसाचे पाय रोवले जातात ते नशिबाने नव्हे. त्याचे नाव कुठेतरी पक्के लागते म्हणून.

आज आपले पोरगे धान निघाले की निघते. कोणी मिरची तोडायला तेलंगणात, कोणी हैदराबादच्या बांधकामावर. रस्ता सोपा झाला, खिशात मोबाईल आला. पण नाव मात्र ठेकेदाराच्या वहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे उघडे पडले. मिरचीच्या शेतांतून आपली माणसे बायकापोरांसह जंगलवाटेने चालत आली. १ मे रोजी पहिली श्रमिक गाडी हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून सुटली, ती झारखंडच्या हटियाला गेली. तोवर कोण कुठे अडकले याची धड यादी कोणापाशी नव्हती.

आता आपल्या फडाकडे पाहू. आपला मुलूख धानाचा, ऊस थोडा. तोडणीच्या कसबी टोळ्या बाहेरूनच आणाव्या लागतात. त्यांची नोंद काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, पण तिचे नाव कागदावर नाही. हिशेब मुकादमाचा, उचल मुकादमाची. हैदराबादचा ठेकेदार आपल्या पोराशी वागतो म्हणून आपण चिडतो, आणि आपल्या बांधावर वागतो मात्र तसेच.

आमच्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक तोडणी कामगाराचे, बाईचे वेगळे, नाव व गाव गट कार्यालयात नोंदवावे. दोन, उचल आणि मजुरीचा हिशेब मुकादमाबरोबर त्या माणसालाही वाचून दाखवावा. तीन, ज्याच्या शेतात तोड, त्याने पिण्याचे पाणी द्यावे.

"याने तोडणी महाग होईल," असे काही सभासद म्हणतील. वहीला आणि घागरभर पाण्याला असा किती खर्च येतो? समाधानी टोळी ऊस जमिनीलगत तोडते. बुडख्यातच साखर जास्त, शिवाय खोडवाही चांगला फुटतो. वजन आपलेच वाढते, आणि तीच टोळी पुढच्या साली न बोलावता येते.

टिपरी लावताना आपण आधी जमिनीतली ओल पाहतो. माणूस आणताना तेवढे तरी पाहू या. येत्या वार्षिक सभेत या तीन सूचनांवर सभासदांनी मोकळेपणाने बोलावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी