कृत्रिम सांधा आणि बैठकेची शिस्त

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलून घेतलेल्या साठी-सत्तरीच्या गृहस्थाने पुन्हा व्यायामशाळेत जाऊन वजन घेऊन बैठका माराव्यात, ही कल्पना आपल्याकडील बहुतेक कुटुंबांना अविचाराची वाटते. आणि ज्याने तारुण्यात तालमीत शेकड्यांनी बैठका काढल्या, त्याच्या हाती शस्त्रक्रियेनंतर ‘खाली बसू नका’ एवढेच फर्मान पडते. हे फर्मान अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उकिडवे बसण्यास मज्जाव करणे निराळे आणि बसण्या-उठण्याचे सामर्थ्यच गमावू देणे निराळे. कारण खुर्चीवरून किंवा पलंगावरून विनाआधार उठणे ही देखील एक बैठकच होय, आणि वार्धक्यातील स्वावलंबन बहुतांशी तिच्यावरच अवलंबून असते.

१९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी यांच्या योगे खुब्याचा जो कृत्रिम सांधा सिद्ध केला, त्याने व त्याच्यामागून आलेल्या गुडघ्याच्या सांध्यांनी असंख्य रुग्णांच्या वेदनांचे निवारण केले. परंतु दुखण्याच्या दीर्घ काळात क्षीण झालेले मांडीचे स्नायू शस्त्रक्रियेने परत मिळत नाहीत, ते क्रमाक्रमाने वाढविलेल्या श्रमानेच परत मिळवावे लागतात.

मात्र तालमीतील जुनी बैठक येथे उपयोगाची नाही. टाचा उचलून, हातांच्या झोक्यावर, झपाट्याने पूर्ण खाली जाण्याची ती रीत निरोगी सांध्यांसाठी होती. बदललेला गुडघा सामान्यतः ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो आणि उकिडवे बसण्यास त्याहून पुष्कळ अधिक वाकावे लागते. खुब्याच्या बाबतीत, विशेषतः मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास, फार खोल वाकताना गुडघा आत वळला तर सांधा निखळण्याचा धोका संभवतो. म्हणून नव्या बैठकेत पाठीमागे योग्य उंचीचे बाक असावे, टाचा जमिनीवर रोवलेल्या असाव्यात, प्रथम कंबर मागे न्यावी, गुडघे चवड्यांच्या रोखाने ठेवावेत, उठताना श्वास कोंडू नये, आणि शस्त्रक्रिया झालेला पाय वाचविण्यासाठी सगळा भार दुसऱ्या पायावर टाकण्याची जी सवय नकळत जडते, ती आरशासमोर उभे राहून मोडावी. हे अंगवळणी पडल्यावरच छातीशी हलके डंबेल धरावे, आणि खांद्यावरील बारचा विचार त्यानंतर, तोही शल्यविशारदाच्या अनुमतीने, करावा.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले; पण सांध्याचा वापर शिकविण्याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न रुग्णालय आणि व्यायामशाळा यांच्यामध्ये बेवारस पडून आहे. रुग्णालयाने घरी जाण्याच्या कागदपत्रांतच सांधा किती वाकवावा, किती वजनाची मुभा आहे आणि कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत, हे मराठीत लिहून द्यावे; व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने तो कागद पाहिल्यावाचून ज्येष्ठाच्या हाती वजन देऊ नये; आणि ज्येष्ठानेही पूर्वीच्या संख्येचा अभिमान बाजूला ठेवून, संपूर्ण ताब्यात राहिलेल्या एका बैठकेला ताबा सुटलेल्या शंभर बैठकांहून अधिक मोलाची मानावी.